बारावीच्या आधीचे क्रेडिट : आमच्या मुलांचे खाते रिकामे का?

गेल्या वर्षी जूनमध्ये खानापूर तालुक्यातली एक मुलगी वडिलांना घेऊन आमच्या कार्यालयात आली. दहावीपर्यंत गावची मराठी शाळा, मग शहरात पीयूसी सायन्स. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच तिने मोबाईलवर ‘स्वयम्’चा बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम पुरा केला. हजार रुपये भरले, केंद्रावर जाऊन परीक्षा दिली आणि पास झाली. प्रमाणपत्रावर आयआयटीचे नाव, मुलीचा फोटो आणि एक बारीकशी ओळ : शिफारस केलेले क्रेडिट ३ किंवा ४. पदवीच्या पहिल्या वर्षाचा प्रवेश घेताना तिने हा कागद मोठ्या अभिमानाने खिडकीतून पुढे केला. आतल्या बाबूने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. ‘हे तू पीयूसीत असताना केलंस, तेव्हा तू आमची विद्यार्थिनी नव्हतीस,’ एवढेच उत्तर.

वडील आम्हाला विचारत होते, ‘‘साहेब, पोरीचं चुकलं काय?’’

पोरीचे काहीच चुकले नव्हते. ती शहाणी निघाली, एवढाच तिचा गुन्हा. आणि हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही म्हणूनच या अंकातली दोन पाने आम्ही त्याला देत आहोत. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर हा अंक त्याच्या हातात द्या.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते सरळ सांगतो, कारण आपल्यातल्या पुष्कळ पुढाऱ्यांनाही ते ठाऊक नाही. मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. अभ्यासात घातलेल्या तासांचे ते माप आहे. २०२३ मध्ये केंद्राने जो राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर केला त्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, असा हिशेब धरला आहे. म्हणजे तीस तासांना एक. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट लागतात. हे क्रेडिट ठेवायला २०२१ मध्ये एक बँकही उघडली गेली, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. पैसे ठेवतो तसे क्रेडिट ठेवायचे, एका विद्यापीठातून दुसरीकडे जाताना बरोबर न्यायचे, सात वर्षांच्या आत वापरायचे. आराखडा म्हणतो की ही मोजदाद पाचवीपासून पीएच.डी.पर्यंत एकाच माळेत ओवली जाईल. वर्गातला अभ्यास, कार्यशाळेतले काम, खेळ, संगीत, एनसीसी, सगळ्याला माप मिळेल.

कागदावर हे फार सुंदर आहे. उद्यमबागेतल्या फौंड्रीत सुट्टीच्या दिवसांत साचे भरणाऱ्या पोराच्या कामाला क्रेडिट, तालमीत पहाटे चारला उठणाऱ्या पोराच्या घामाला क्रेडिट. आम्हीही पहिल्यांदा वाचले तेव्हा खूश झालो होतो.

पण माळेतला एक मणी गळालेला आहे, आणि तो नेमका बारावी आणि पदवी यांच्या मधला आहे. शाळेतले क्रेडिट शाळेच्या पातळीचे, पदवीचे क्रेडिट पदवीच्या पातळीचे. शाळेत असतानाच एखाद्या मुलाने पदवीच्या पातळीचा अभ्यासक्रम पुरा केला तर तो पुढे पदवीत जमा करून घ्यायचा की नाही, हे त्याच्या कॉलेजने ठरवायचे. आणि बारावीच्या मुलाला कॉलेजच नसते! खिडकीतल्या त्या बाबूला दोष देऊन काय उपयोग? त्याच्यापुढे नियमच नव्हता. ‘स्वयम्’ सर्वांना खुले आहे, आठवीतले पोरही नाव नोंदवू शकते. दार उघडे आहे, आत घर बांधलेले नाही.

यात एक गंमत आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या मुलांना आपण सोळाव्या वर्षीच कॉलेजला घालतो. पीयूसी म्हणजे प्री-युनिव्हर्सिटी कोर्स, नावातच युनिव्हर्सिटी. कोल्हापूर-चंदगडकडे त्यालाच ज्युनियर कॉलेज म्हणतात. पोरगा गणवेश टाकतो, वही हातात घेतो, गल्लीतल्या म्हाताऱ्या ‘कॉलेजला लागला’ म्हणतात. कित्येक ठिकाणी पीयू आणि डिग्री एकाच आवारात, एकाच संस्थेच्या, एकाच पिंपळाखाली. प्राध्यापक एकमेकांच्या डब्यातले खातात. पण सोळा वर्षांच्या मुलाने मधली भिंत ओलांडून डिग्रीच्या वर्गात बसावे आणि ते कुठेतरी नोंदले जावे, हे चालत नाही. नाव कॉलेजचे, हिशेब शाळेचा.

दुसऱ्या देशांत हे कसे चालते? अमेरिकेत दोन रस्ते आहेत आणि ते दोन्ही नीट समजून घेतले पाहिजेत, कारण आपल्याकडे यातला वाईट रस्ता आधी येण्याची भीती आम्हाला वाटते.

पहिला रस्ता परीक्षेचा. कॉलेज बोर्ड नावाची संस्था १९५० च्या दशकापासून ‘एपी’ नावाच्या परीक्षा घेते. शाळेत शिकायचे, मेमध्ये परीक्षा द्यायची, एक ते पाच गुणांत निकाल. तीन किंवा अधिक मिळाले तर पुष्कळ कॉलेजे क्रेडिट देतात, नामांकित कॉलेजे चार-पाच मागतात, काही जण देतच नाहीत. एका विषयाची फी शंभर डॉलरच्या घरात. म्हणजे पाच विषय द्यायचे तर पाचशे डॉलर, आणि क्रेडिट मिळेलच असे नाही. ज्या शाळेत हे विषय शिकवायला शिक्षकच नाहीत तिथल्या मुलांनी काय करायचे?

दुसरा रस्ता सरकारी कॉलेजचा. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये कायदा केला. तिथे हायस्कूलचा विद्यार्थी सरळ जवळच्या कॉलेजच्या वर्गात जाऊन बसतो. तो तास शाळेतही धरला जातो आणि कॉलेजातही. शिकवणीची फी नाही, पुस्तकेसुद्धा फुकट. वॉशिंग्टन राज्याने १९९० मध्ये ‘रनिंग स्टार्ट’ या नावाने अकरावी-बारावीच्या मुलांसाठी अशीच योजना आणली. तिथे शिकवणी फुकट, पुस्तकांचा खर्च मात्र घरचा. २०२२-२३ या वर्षात त्या देशात अशा रीतीने कॉलेजचा अभ्यास करणाऱ्या शाळकरी मुलांची संख्या जवळपास पंचवीस लाख होती. गरीब घरातली मुलगी अठराव्या वर्षी पदवीचे एक-दोन सत्र खिशात टाकून बाहेर पडते. घरच्यांचा एका वर्षाचा खर्च वाचतो. हे सारे निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. तिथेही खेड्यातल्या आणि गोऱ्येतर मुलांना ही दारे कमी उघडतात, अशी तक्रार वर्षानुवर्षे आहे. पण दार कुठे आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे तरी तिथे लिहून ठेवलेले आहे.

आणि आता जे सांगतो ते वाचून आमच्या वाचकांच्या पोटात कालवल्याशिवाय राहणार नाही. अमेरिकेतल्या मराठी मुलांसाठी मराठी भाषेची प्रमाणित परीक्षा उपलब्ध आहे. कन्नडचीही आहे. काही राज्यांत ती परीक्षा दिली की हायस्कूलच्या ‘जागतिक भाषा’ या विषयाचे क्रेडिट मिळते. ते शाळेचे क्रेडिट आहे, कॉलेजचे नव्हे, हे मान्य. तरी विचार करा. सिएटलच्या मराठी घरातला मुलगा आजीशी बोलून बोलून शिकलेल्या मराठीवर क्रेडिट कमावू शकतो. आणि बेळगावच्या गल्लीत जन्मलेला, पहिलीपासून दहावीपर्यंत सगळे विषय मराठीत शिकलेला आमचा मुलगा, मराठीच्या जोरावर पदवीच्या खात्यात एक दाणाही आगाऊ टाकू शकत नाही!

आता घरच्या गोष्टीकडे येऊ.

कर्नाटकाने ऑगस्ट २०२१ मध्ये देशात सर्वांत आधी नवे शैक्षणिक धोरण लागू केल्याचा डांगोरा पिटला. त्याच घाईत पदवीला कन्नड सक्तीचे केले. त्याविरुद्ध मुले न्यायालयात गेली आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन त्या सक्तीला लगाम घातला. मग २०२३ मध्ये सरकार बदलले, नवे धोरण गुंडाळायचे ठरले, प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचा स्वतंत्र आयोग नेमला. मे २०२४ मध्ये चार वर्षांची पदवी मोडून तीन वर्षांची परत आणली. आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल दिला. थोरात सर मूळचे विदर्भातले, पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषा हे माध्यम असावे असे त्यांनी सुचवले, याबद्दल आम्ही त्यांचे आभारच मानतो. पण पाचवीनंतर काय? आमचे मूल पाचवीत नव्हे, दहावीनंतर अडखळते. दहावीचा पेपर मराठीत लिहिलेल्या मुलाला पीयूसीला गेल्यावर फिजिक्स इंग्रजीत घ्यायचे की कानडीत, एवढीच निवड उरते. संविधानाचे ३५० अ हे कलमही मातृभाषेतले शिक्षण प्राथमिक टप्प्यापुरतेच बोलते. पुढच्या रस्त्यावर आमचे संरक्षण शून्य.

चार वर्षांत दोन धोरणे. या ओढाताणीत एका मुद्द्याकडे कोणीच पाहिले नाही. केंद्राचे धोरण नको असेल तर नको, त्यात आम्हाला पडायचे नाही. पण क्रेडिटची पद्धत कर्नाटकाने टाकलेली नाही. आजही इथल्या पदवीचा हिशेब क्रेडिटमध्येच होतो. मग शाळकरी मुलाने आगाऊ कमावलेले क्रेडिट धरायला हरकत कोणती? ते दिल्लीचे आहे म्हणून? पावसाचे पाणी कोणत्या राज्यातून आले हे विहीर विचारत नाही.

महाराष्ट्राची गोष्ट निराळी आणि आम्हाला जास्त टोचणारी. डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळात ८६५ गावांचा ठराव एकमताने झाला. टाळ्या झाल्या. आमच्या मुलांसाठी व्यावसायिक प्रवेशात सीमाभागाची वेगळी वर्गवारी आहे, ती उपयोगीही पडते, नाकारत नाही. पण ती बारावीनंतरची सोय. बारावीच्या आधी, म्हणजे मूल जेव्हा भाषेच्या दरडीखाली सापडते नेमके तेव्हा, शिवाजी विद्यापीठ त्याच्यासाठी काय करते? आमची मागणी फार मोठी नाही. चंदगडला, गडहिंग्लजला कॉलेजे आहेत. बेळगावहून शिनोळीची कमान दिसायला अर्धा तास लागत नाही. विद्यापीठाने दोन-चार अभ्यासक्रम मराठीतून, शनिवार-रविवारच्या वर्गांत, अकरावी-बारावीच्या सीमाभागातील मुलांना खुले करावेत. हिशेब ठेवणे, इतिहास, मातीशास्त्र, संगणकाचे प्राथमिक ज्ञान, मराठी भाषा. परीक्षा मराठीत. पास झाले की क्रेडिट नोंदवून ठेवावे आणि मूल ज्या दिवशी पदवीला प्रवेश घेईल त्या दिवशी, मग ते कोल्हापूरला घेवो की राणी चन्नम्मा विद्यापीठात, ते त्याच्या खात्यात पडावे. बँक देशाची आहे. बँकेला सीमा ठाऊक नाही. मग कारकुनाला का ठाऊक असावी?

इथे आमचेच काही ज्येष्ठ आम्हाला अडवतात. त्यांचे म्हणणे असे, की पोरे बारावी पास होताना रडतात, त्यांच्या डोक्यावर डिग्रीचे ओझे कशाला? हे शहरी हुशार पोरांचे लाड आहेत. या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून ते टाळून पुढे जाणार नाही. सगळ्या मुलांना हे करायला लावावे असे आम्ही म्हणतच नाही. बोर्डाचा अभ्यास सांभाळून ज्याला जमते त्यानेच करावे. पण ज्येष्ठांनी एक विचार करावा. आमची मुले रडतात ती अक्कल कमी म्हणून नव्हे. जे त्यांना येते ते दाखवायची भाषा पीयूसीच्या पहिल्या दिवशी काढून घेतली जाते, म्हणून रडतात. दहावीला गणितात नव्वद घेणारी मुलगी अकरावीच्या पहिल्या चाचणीत पस्तीसला येते आणि घरी येऊन म्हणते, ‘मला जमत नाही.’ हे ‘जमत नाही’ आम्ही दरवर्षी ऐकतो. त्या मुलीला पदवीच्या पातळीचा एक विषय, एकच, मराठीत शिकून पास होऊ द्या. मी कॉलेजचा विषय पास झाले, हे तिच्या मनात एकदा बसू द्या. मग इंग्रजी फिजिक्सशीही ती भांडेल. क्रेडिटपेक्षा आम्हाला याचे मोल अधिक वाटते.

दुसरी हरकत पैशाची आणि ती मात्र आम्हीच घेतो. शहरात आतापासून फलक लागायला लागले आहेत. शाळेतच कॉलेजचे क्रेडिट, परदेशी प्रमाणपत्र, आठ आठवड्यांत डेटा सायन्स. कोणाचे क्रेडिट, कोणत्या विद्यापीठात धरले जाणार, हे विचारले की गोड हसतात. पालकांनो, फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या : हे क्रेडिट कोणत्या विद्यापीठाच्या पदवीत जमा होईल? लेखी उत्तर नाही तर पैसे नाहीत. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या ऑनलाइन पदवीचे नाव घेऊन पुष्कळजण गिऱ्हाईक ओढतात. त्या पदवीची पात्रता फेरी अकरावी झालेल्या मुलाला देता येते हे खरे, पण प्रत्यक्ष पदवी सुरू होते ती बारावी पास झाल्यावरच. मधला दलाल कशाला हवा? ज्याला हवे त्याने स्वतः अर्ज करावा.

सीबीएसईने २०२४-२५ या वर्षासाठी आपल्या शाळांना सहावी, नववी आणि अकरावीच्या वर्गांत क्रेडिटचा प्रयोग करायला बोलावले. आमच्या वाचकांपैकी कितीजणांची मुले सीबीएसईला आहेत? कॅम्पातल्या आणि टिळकवाडीतल्या काहींची असतील. येळ्ळूर, किणये, जांबोटी, नंदगडच्या मुलांची नाहीत. प्रयोग वरच्या मजल्यावर सुरू झाला आहे आणि जिना आमच्या बाजूने बांधलेलाच नाही. उद्या प्रवेशाच्या अर्जात आधी कमावलेल्या क्रेडिटचा रकाना आला, की वरच्या मजल्यावरच्यांचा भरलेला असेल आणि आमच्या मुलांचा कोरा. तेव्हा पुन्हा ‘मराठी मुले मागे का’ म्हणून परिसंवाद भरवायचा, आणि त्यात हेच पुढारी अध्यक्षपद भूषवणार.

म्हणून शेवटचा आणि सर्वांत कडू घोट आमच्या स्वतःच्या संस्थांना. कर्नाटकाला शिव्या देणे सोपे, महाराष्ट्राकडे रडणे सोपे. पण या भागात मराठी माणसांनी पैसा पैसा जमवून उभ्या केलेल्या शिक्षणसंस्था आहेत. हायस्कुलेही त्यांचीच, पीयू कॉलेजेही त्यांचीच, काहींची डिग्री कॉलेजेही. संविधानाच्या ३० व्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्य धरून ठरवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले. म्हणजे कर्नाटकात आम्ही भाषिक अल्पसंख्याक आहोत, यात शंकेला जागा नाही. हा हक्क आम्ही देणग्या गोळा करताना आठवतो आणि सोहळ्याच्या भाषणात आठवतो. एकाही संस्थेने आपल्याच आवारातल्या डिग्रीच्या वर्गात आपल्याच पीयूच्या मुलांना बसवून, त्याची नोंद ठेवून, विद्यापीठाकडे ‘हे धरा’ असा लेखी प्रस्ताव पाठवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कोणी पाठवला असेल तर प्रत आणून दाखवावी, पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापू आणि हे शब्द मागे घेऊ. विद्यापीठ नाही म्हणेल? म्हणू दे. लेखी ‘नाही’ हातात आले तर ते घेऊन पुढच्या दारावर जाता येते. आज आपल्या हातात ‘नाही’सुद्धा नाही.

कार्यकारिणीच्या मागच्या बैठकीत आम्ही हा विषय मांडला. तासभर चर्चा झाली ती मोर्चाच्या बॅनरवर कोणाचा फोटो मोठा असावा याची, आणि हा विषय ‘वेळेअभावी’ पुढे ढकलला गेला. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो पहिला असावा अशी लेखी मागणी आम्ही दिली आहे, पोच घेतली आहे.

तोवर एवढे करू. ज्यांच्या मुलांनी पीयूसीत किंवा हायस्कूलला असताना ‘स्वयम्’चा किंवा कोणत्याही विद्यापीठाचा अभ्यासक्रम पास केला असेल त्यांनी प्रमाणपत्राची एक प्रत कार्यालयात आणून द्यावी. रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही तिथे असतो. क्रेडिट नाकारले असेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांत, ते एका कागदावर लिहून आणावे. पंचवीस-तीस प्रकरणे जमली की त्यांची एकच फाईल करून ती राणी चन्नम्मा विद्यापीठाला, शिवाजी विद्यापीठाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला एकाच दिवशी पाठवणार आहोत. खानापूरच्या त्या मुलीची प्रत आमच्याकडे आहे. फाईलमधला पहिला कागद तोच.